शिडी कोणी सोडली?

“खाली कोन धरते, हे इचारल्याबिगर चढू नका बाप्पा.”

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे. रामाकोन्याच्या मधुकरकाकांनी माझ्या शेवटच्या पायरीची दोरी आवळली आणि मला न्यायला आलेल्यांना हे सांगितलं. तो आवाज अजून माझ्या पेरापेरांत आहे.

पांढुर्ण्याच्या दादाजी पाटलांच्या संत्राबागेत मी आले, आणि काकांचं बोलणं तिथला रिवाजच झालं. चढणारीने विचारायचं, “धरली काय?” खालच्याने म्हणायचं, “धरली.” मगच पहिली पायरी. माझ्यावरून कधी कोणी पडलं नाही, म्हणून तोडणीच्या बाया मला लेकीसारखं जपत. त्यांतली केसरबाई तोडताना गायची:

शेंड्याचं गं संतरं, ऊन खाऊन पिकलं,
खाली धरल्या हातावर, माझं काळीज टेकलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सावरगावच्या इंदूबाईने तिच्या रजनीला तोडणीला आणलं. रजनी बारावीत होती. पाटलांचा कुलदीपही बारावीतच, पण त्याची शाळा वेगळी, मोहल्ला वेगळा. बागेत पाण्याचा माठसुद्धा वेगळा: पाटलांचा आंब्याखाली, मजुरांची कॅन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. कुलदीप डबा द्यायला आला आणि मला धरून उभा राहिला.

“पाटलाचा पोरगा शिडी धरते? हात काळे होतीन न,” रजनी वरून म्हणाली.

“तू देठ ठेवून काप. संत्रं सडलं तं बाबा मले बोलतेत.”

“मंग दोन बिनदेठाचे कापतेच.”

तो हसला. तहान लागली तेव्हा धुऱ्यावरच्या कॅनचं पाणी प्यायला. केसरबाईने पाहिलं आणि तीच ओवी पुन्हा जरा मोठ्याने म्हटली. चार दिवस तो रोज मला धरायला येई, आणि मी इतकी सुखात होते, की बांबूला पालवी फुटते की काय, असं वाटे.

पाचव्या दिवशी दादाजींच्या मोटारसायकलचा आवाज आला. रजनी वरच्या पायरीवर होती. कुलदीपने मला सोडलं आणि तो पंपघराकडे निघून गेला. मी सरकले. रजनी पडली, तिचं मनगट मुरगळलं.

“काय झालं?” दादाजींनी विचारलं.

रजनीने कुलदीपकडे पाहिलं. पंपघराशी उभा राहून तो मातीकडे पाहत होता.

“पाय घसरला,” ती म्हणाली.

“शिडीच जुनी झाली. फेका तिकडं,” दादाजी म्हणाले.

वर्षभर मी पंपघरामागे पडून होते. कारल्याचा वेल अंगावर चढला, सरडे ऊन खायला येऊन बसले. तशी तक्रार नाही. पण न केलेल्या चुकीची ओल आतपर्यंत झिरपत होती.

यंदा झाडं वाकली आणि शिड्या कमी पडल्या. इंदूबाईने मला ओढून काढलं, दोऱ्या आवळल्या. रजनी नागपूरच्या नर्सिंग कॉलेजातून सुट्टीवर आली होती. तिने मला झाडाला टेकवलं आणि हाक मारली, “आई, धर वं.” कुलदीप दहा पावलांवर उभा होता. तिने तिकडे पाहिलंही नाही.

“ते शिडी नोको,” दादाजी म्हणाले. “मांगच्या साली पोरीले पाडलं तिनं.”

मित्रांनो, आम्हाला उन्हापावसात टाकू नका, दोऱ्या आवळत जा. आणि काही मोडलं-पडलं तर मुक्या वस्तूवर ढकलण्याआधी एकदा आपल्या हातांकडे पाहा.

कुलदीपने पाहिलं. तो पुढे आला आणि इंदूबाईच्या जागी त्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“शिडीनं नाही पाडलं, बाबा. मी सोडली होती. तुमची गाडी आयकली अन् भेलो. तुम्ही मले इच्यासंग पाहान म्हणून.”

कात्र्या थांबल्या. दादाजी गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, “अन् हे पोरगी सालभर पाय घसरला म्हणत राहिली.” ते आंब्याकडे चालू लागले.

रजनीने माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर पाहतच विचारलं,

“धरली काय?”

कुलदीपने वडिलांच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि तिथपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला,

“धरली.”