वाटीखालचं यंत्र

"खादाड आहे तुमची ती चिप, नागुमोबाई! वर्षभरात बॅटरी फस्त करेल," असं म्हणत तोमोहारु कुवाबारानं समोरचा कागद परत सरकवला.

जपानातल्या सुवा शहरातल्या त्या छोट्या कंपनीत कितीतरी दिवस हाच वाद चालला होता. यंत्र करायचं होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. सकाळी उठून पितरांच्या देव्हाऱ्यापुढची पितळी वाटी दांडीनं वाजवायची, हा घरोघरच्या म्हाताऱ्यांचा नेम. वाटीच्या गादीखाली यंत्र ठेवायचं. वाटी वाजली की लांबच्या मुलाच्या फोनवर निरोप. निरोप आला नाही, तर मुलानं काय ते समजावं.

अडलं होतं ते यंत्राच्या मेंदूपाशी. कुवाबाराची चिप म्हणजे गरीब गाय. सदा झोपलेली, हादरा बसला की तेवढी जागी होणार. एका बॅटरीवर वर्षानुवर्षं बघायला नको. नागुमोची चिप चलाख. तिला माइक जोडता यायचा आणि वाटीचा नाद ओळखण्याइतका वेगही होता. पण खाणंही तसंच.

"तुमच्या चिपला नुसतं हललेलं कळतं, कुवाबारासान. वाजलेलं नाही कळत."

"देव्हाऱ्यापुढची वाटी दुसरं कोण हलवणार? मांजर?" तो हसला. "आणि दरवर्षी बॅटरी बदलणार कोण? आमची म्हातारी?"

"तुम्ही जा की बदलायला."

"आईकडे पार इवातेला जायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

पितर घरी येतात त्या ओबोनच्या सणालाही दोन वर्षं तो गेला नव्हता. कामच तसं असतं, म्हणायचा. त्याऐवजी त्यानं आपलं यंत्र आईकडे पाठवलं होतं. भूकंपाचा विचार त्यानं केला नव्हता असं नाही. बारीकसारीक धक्के यंत्रानं सोडून द्यावेत, अशी सोय होती. पण आईचा हात आताशा फार हलका पडायचा. म्हणून तिच्या यंत्रातली ती सोय त्यानं स्वतःच काढून टाकली. रोज सकाळी निरोप आला की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

निर्णयाच्या दिवशीही निरोप आला. बैठकीत त्यानं सगळ्यांपुढे फोन धरला.

"हे बघा! आई उठली, वाटी वाजवली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

साहेबांनी मान डोलावली. स्वस्त आणि मस्त, म्हणाले.

दुपारी आईच्या शेजारच्या चिबाबाईंचा फोन आला.

"तोमोहारु, आई गेली रे बाबा. स्वयंपाकघरात पडली होती. डॉक्टर म्हणतात, काल रात्रीच गेली."

"रात्री कशी? सकाळी वाटी वाजवलीय तिनं!"

"ती कुठली वाजवतेय? पहाटे जरा जमीन हलली. आमच्या बशाही खडखडल्या. नेहमीचंच आहे आमच्याकडे."

आई थंड फरशीवर पडली होती आणि आपण फोन नाचवत होतो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंत्यविधीला नागुमो इवातेपर्यंत आली. उदबत्ती लावून ती त्याच्याशेजारी बसली.

"तुमची चिप घ्या," तो म्हणाला. "साहेबांना मी सांगतो."

"बॅटरी वर्षभरच पुरेल, कुवाबारासान."

"पुरे झालं. ओबोनला मुलं घरी येतील, तेव्हा बदलतील."

"आणि नाही आली तर?"

कुवाबारानं आईच्या फोटोकडे पाहिलं.

"तर यंत्र बंद पडेल. निरोप यायचा थांबेल," तो म्हणाला. "मग घाबरून तरी घरी येतील."