तळ्यातली चार अंडी

कडूबाईनं बाभळीखाली उभं राहून वर पाहिलं आणि तोंडात आलेली शिवी गिळली. शेजारी आंबा होता, करंज होता, तरी कावळ्यानं घरटं बांधलं होतं ते काट्यांतच. कावळा बाभळीवर गेला की पाऊस रुसतो, हे शिरूर कासारच्या त्या टोकाला शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चैत्रात एक दिवस पाखरं पाहायचं काम सासऱ्यामागे तिच्याकडे आलं होतं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आमराई, माळ, ओढा, तळं पालथं घालायचं आणि कुणी कुठं घर केलं ते गावाला सांगायचं. यंदा त्या सांगण्यावर सारं अडलं होतं. दोन वर्षं पाऊस नव्हता. पाखरं वाईट बोलली तर जनावरं विकून बायकांची दूध सोसायटी बंद करायची, असं सचिव मोहनरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. सभा संध्याकाळीच होती. सोसायटी निघाल्यापासून अकरा घरांचे कोयते खुंटीला टांगलेले होते. वीस वर्षं ऊस तोडलेल्या कडूबाईला ते पुन्हा खाली उतरवायचे नव्हते.

सकाळी निघताना अध्यक्ष चंद्रभागाबाईंनी भाकरी बांधून दिली होती.

"काहीबी दिसू दे," त्या हळूच म्हणाल्या होत्या, "टिटवीची अंडी बांधावर हायत म्हणून सांग."

"खोटं कावून बोलू, आक्का? माझ्या सासऱ्यानं कधी खोटं सांगितलं न्हाई."

माळावर चंडोल गात गात वर चढला. त्याला दुष्काळाचं सोयरसुतक नव्हतं. ओढ्यात खंड्या दिसला नाही; मासाच नव्हता तर तो तरी कशाला थांबेल? विहिरीवर सुगरणीची अर्धी टाकून दिलेली जुनी घरटी वाऱ्यानं हलत होती. उन्हं कलायच्या आधी कडूबाई तळ्यात उतरली. टिटवी अंडी बांधावर घालते तेव्हा तळं भरतं. ती तळ्याच्या पोटात उतरली तर मात्र पाण्याची आशा सोडायची.

डोक्यावर टिटवी ओरडू लागली. तळ्याच्या मधोमध, भेगाळलेल्या गाळावर, मातीच्याच रंगाची चार अंडी होती.

मागं येऊन कडूबाई बांधावरच्या लिंबाखाली बसली. भाकरी सोडली. टिटवी परत आली. अंड्यांवर बसण्याआधी तिनं पोटाची पिसं फुगवली आणि थेंब गळले. कडूबाईला वाटलं, डोळे दमलेत. पण टिटवी उठली, गावाकडे गेली आणि पुन्हा तशीच ओली होऊन आली. तिसऱ्या खेपेला कडूबाई पदर खोचून तिच्या मागं धावत सुटली.

संध्याकाळी सोसायटीच्या पत्र्याखाली बायका जमल्या. मोहनरावांनी वही उघडली.

"बोला कडूबाई. कावळा?"

"बाभळीवर."

"अन् टिटवी?"

"तळ्यात. पार मधोमध."

चंद्रभागाबाईंनी मान खाली घातली. मोहनरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"झालं मग. पाखरांनीच निकाल दिला. ठराव लिहितो."

"पुरतं ऐका आधी. टिटवीचं पोट ओलं व्हतं."

"म्हंजी?"

"आपल्या दुधाच्या क्यानी धुतल्यालं पाणी मागच्या खड्ड्यात जातंय का न्हाई? तिथं बसून ती पोट भिजवती अन् अंड्यावर जाऊन बसती. दिवसभर तेच चाललंय. त्याच्याबिगर अंडी उकडून गेली असती."

मोहनराव हसले. "मंग काय टिटवीसाठी सोसायटी चालवायची व्हय?"

"पाऊस न्हाई हे तिला तुमच्याआधी कळलं, मोहनराव. तरी तिनं अंडी घातली. गाव सोडून गेली का ती?" कडूबाईचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "मी बी न्हाई जायची. माझी म्हैस मी विकत न्हाई."

"ठरावाला हात लागत्याल," मोहनराव वहीकडे बघत म्हणाले. "बंद करायची म्हणणारांनी हात वर करा."

बायकांनी हात पदराखाली घेतले होते. मोहनरावांनी दोनदा सगळ्यांवरून नजर फिरवली.

चंद्रभागाबाई उठल्या.

"सकाळी सहाला दूध मोजायला या, मोहनराव," त्या म्हणाल्या. मग बायकांकडे वळल्या. "अन् क्यानी धुतल्यालं पाणी कुणी दुसरीकडं सांडायचं न्हाई."