सोजर पडद्यावर जगली

पडद्यावर भूकंप सुरू झाला तेव्हा माझी सोजर तिथे जिवंत होती. तिचं काम करणारी दुसरी पोर नव्हती ती, सोजरच होती. डाव्या भुवईवर पाळण्याची कडी लागल्याचा व्रण होता.

सिनेमा आमच्यावरच काढलेला होता. भूकंपातून वाचलेलं एक कुटुंब, असं बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. वाचलो होतो आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा लिंबाजी. सोजर घराच्या मातीच्या छपराखाली, माळवदाखाली गाडली गेली. कारखानीस नावाचे दिग्दर्शक आमच्या घरी येऊन, चहा पिऊन, हे सगळं ऐकून गेले होते. आज त्यांनीच आम्हाला तालुक्याच्या टॉकीजमध्ये पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि ते आमच्या मागच्या खुर्चीवर बसले होते.

पडद्यावरची भिंत फुटली आणि माती आमच्या मांडीवर पडू लागली. मागच्या रांगांवर कणभरही पडली नाही. सिनेमातल्या बापाने तुळई एका हाताने उचलली. खरी तुळई हलवायला जवानांना दोर लावावे लागले होते. सोजर धूळ झटकत बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागे वळले. "साहेब, आमची पोर मेली. मी सांगितलं व्हतं तुमाला."

"प्रयागबाई, लोकांना रडत घरी जायला आवडत नाही."

"मग आमच्या घरावर कशाला काढला?"

"आता गाणं आहे," ते म्हणाले. "गाणं बघा."

सोजरला पुरलं तेव्हा मी गाव गोळा होईस्तोवर रडले होते. आज रडू येत नव्हतं. दातावर दात घासत होते आणि त्यांच्यामध्ये माती करकरत होती.

गाणं सुरू झालं तशी टॉकीज आखूड होऊ लागली. पडदा सरकत सरकत आमच्या गुडघ्यांना येऊन टेकला. हात लावला तर तो कापडाचा नव्हता, नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा ओला होता. आत नव्या घराच्या अंगणात सोजर दोरीवरच्या उड्या मारत होती.

लिंबाजी उठले.

"अवो, कुठं निघालाव?"

"पोरीकडं."

"ते खोटं हाय."

"असू दे," ते म्हणाले. "जित्ती तर हाय."

सिनेमातल्या बापाने अंगातला सदरा काढून लिंबाजींच्या हातात दिला, बाहेर आला आणि त्यांच्या खुर्चीवर पाय पसरून बसला. लिंबाजी सदरा घालून आत गेले. सोजरने त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी त्यांच्यामागून पाय टाकला, तर उंबऱ्यात सिनेमात माझं काम करणारी नटी उभी होती. तिचं लुगडं माझ्यासारखं होतं. हनुवटीवरचं गोंदण माझंच होतं.

"सर बाजूला," मी म्हटलं.

"आईची जागा भरली आहे," ती म्हणाली.

मी तिच्या थोबाडीत मारली. गाल माझा हुळहुळला. तिने फक्त पदर सारखा केला आणि सोजरला हाक मारली, "चल गं, जेवायला चल." सोजर उड्या मारत तिच्याकडे गेली.

"खाली बसा हो बाई, दिसत नाही," मागून कोणीतरी ओरडलं.

घराचं दार बंद झालं आणि पडदा पांढरा झाला. दिवे लागले. लोक डोळे पुसत, हसत बाहेर पडले. लिंबाजींच्या खुर्चीवर बसलेला नट कारखानिसांच्या खांद्यावर हात टाकून निघून गेला. दोन्हीकडच्या भिंती माझ्या खांद्यांना येऊन टेकल्या, मागची पाठीला टेकली. समोर तेवढा पडदा उरला.

मी नखांनी खणू लागले. पांढऱ्याच्या आत काळी माती होती, मातीत दगड होते, आमच्याच भिंतीचे. एकेक दगड ओढून मी पायाशी टाकत गेले. नखं गेली. मग हाताला हात लागला. लहान, गरम, घामेजलेला.

मी मनगट धरलं, दोन्ही पाय दगडांवर रोवले आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं.

पलीकडून त्या बाईनेही ओढलं.