पंधरापर्यंत मोजा

जरा हात लांब ठेवूनच ऐका, माझं डोकं कायम गरम असतं. स्वभावाने नव्हे, कामाने. खेळाच्या सामानाच्या दुकानात, बुटांच्या कपाटाशेजारी उभा असलेला, जर्सीच्या पाठीवर नाव आणि नंबर चिकटवणारा प्रेस बोलतोय. खाली गादी, वर तापलेली पाटी, बाजूला एक दांडा. शर्ट पसरायचा, अक्षरं मांडायची, दांडा ओढून पाटी दाबायची आणि पंधरा मोजायचे. एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी खूप माणसं वाचली आहेत.

कारखान्यातून मी पहिल्यांदा गेलो एका टोप्या छापणाऱ्याकडे. त्याला सदा घाई. पाटी नीट तापायच्या आत दाबायचा. पहिल्याच धुण्यात अक्षरं गळायची आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही. वर्षभरात मी गोणपाटाखाली गेलो. उंदरांनी माझ्या वायरीची चव घेतली.

तिथून मला उचललं नाडीवाले काकांनी. फुटपाथवर बुटांच्या नाड्या विकून या माणसाने दुकान उभं केलं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण खोक्यांवरचे मजकूर वाचून. माझी वेळ सांगणारी घंटी तोवर मुकी झाली होती. मिस्त्री म्हणाला, नवीन बसवावी लागेल. काका म्हणाले, "घंटी कशाला? गिऱ्हाइकाला तोंड आहे की."

तेव्हापासून दुकानाची रीतच पडली. ज्याचा शर्ट, त्यानेच दांडा धरायचा आणि मोठ्याने पंधरा मोजायचे. काकांचा हिशेब साधा होता: स्वतः मोजून छापलेलं नाव माणूस बदलून मागायला येत नाही. लोकांनाही मजा यायची. एक गणिताचे मास्तर तेरावरून थेट पंधरावर गेले. त्यांच्या मुलाच्या सातचा पाय पहिल्याच सामन्यात सुटला.

अक्षरं मांडायला मावशी होत्या. डोळ्यांनी रेघ अशी धरायच्या की पट्टी लाजावी. अकरा वर्षं त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. नवरा लांब कुठेतरी नोकरीला आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्यापुढे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या वर्षांत माझ्याखालून सगळ्यात जास्त गेलेलं नाव म्हणजे 'तुफान'. आमच्या शहराच्या संघाचा अकरा नंबरचा खेळाडू. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या पाठीवर तोच.

मग एके दिवशी बातमी आली. तुफानच्या आधीच्या बायकोने पोलिसांत तक्रार दिली होती, की हा माणूस मला वर्षानुवर्षं मारत होता.

तुम्हाला सांगतो, माणसं कपड्यासारखी असतात. ताप लागला की कळतं कोणतं सूत आहे. काही जण नाव काढून घ्यायला आले. मी पुन्हा तापायचो, मावशी चिमट्याने अक्षरं सोलायच्या, पण कापडावर खूण राहायचीच. एका गृहस्थांनी सोमवारी नाव काढलं, शनिवारी तुफानने तीन गोल मारले, तर रविवारी पुन्हा लावायला हजर. बाकीचे नुसतेच बोलायचे. कोणी म्हणे घरोघरी मातीच्या चुली, कोणी म्हणे टाळी एका हाताने वाजत नाही. हे दुसरं मला काही पटलं नाही. माझी पाटी वरून पडते तेव्हा खालचा शर्ट काय करतो? काहीही नाही. तरी भाजतो तोच.

शुक्रवारी दुपारी भोंगा आला. तुफानच्या चाहत्यांचा म्होरक्या, पेशाने प्लंबर, आवाज असा की मैदानात लाउडस्पीकर लागत नाही. मनाने चांगला. दुकानाचा नळ किती वेळा फुकट दुरुस्त करून दिला होता त्याने. सोबत दोघे जण आणि चाळीस कोरे शर्ट. रविवारच्या सामन्याला सगळ्यांच्या पाठीवर एकच ओळ हवी होती: 'ती खोटं बोलते.'

मावशींनी कागद वाचला आणि चिमटा खाली ठेवला.

काकांच्या डोक्यावर पाटी लटकत होती, 'गिऱ्हाईक सांगेल ते छापू.' त्यांनीच लिहिलेली. ते एकदा पाटीकडे बघत, एकदा मावशींकडे. शेवटी खाली मान घालून पुटपुटले, की मावशी, आपण पडलो दुकानदार, आपलं काय जातंय.

मावशींना नाही म्हणता आलं असतं. मग बहुतेक दुसरीकडे काम शोधावं लागलं असतं, आणि शर्ट तर कुठेही छापून झालेच असते. त्यांनी अक्षरं कापली. नेहमीसारखी सरळ रेघेत मांडली.

"रीत तुला माहीत आहे," त्या भोंग्याला म्हणाल्या. "धर दांडा."

भोंग्याने पाटी दाबली. दाबता दाबता म्हणाला, "राग मानू नका मावशी, पण खरं असतं तर ती एवढी वर्षं गप्प बसली असती का?"

"बसते की. मी बसले होते. मोज तू."

सवयीने त्याच्या तोंडून एक, दोन निघालं.

"फटका बसायला एकच लागतो," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. "उरलेले चौदा मी शेजारच्या भिंतीकडे बघत मोजायचे. आता कोणीतरी येईल, दार वाजवेल. भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडे चमचा पडला तरी मला ऐकू यायचा. पंधरा झाले की उठायचे आणि ताटं वाढायचे. नवऱ्याची नोकरीबिकरी काही नाही, मी त्याला सोडून आले."

मोजायचं कोणाला सुचलंच नाही. मला तर थांबता येत नाही, दांडा वर केला तरच मी सुटतो. शेवटी करपल्याचा वास आला तेव्हा भोंगा भानावर आला. शर्टावर तपकिरी चौकोन आणि त्यात वितळलेली अक्षरं. काकांकडे आल्यापासून माझ्याखाली जळलेला तो पहिला शर्ट.

काकांनी तो उचलला, दोन घड्या घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग स्टुलावर चढून 'सांगेल ते छापू'ची पाटी खिळ्यावरून काढली.

"मग आता यांवर छापायचं काय?" भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसासारखा आला.

"संघाचं नाव छाप की," मावशी म्हणाल्या. "संघ पळून गेलाय का?"

एकोणचाळीस शर्ट झाले. भोंग्याने एकोणचाळीस वेळा पंधरा मोजले. रविवारी म्हणे त्याचा घसा बसला होता.

खरं-खोटं कोर्ट ठरवेल. डोकं गरम असलं तरी मी न्यायाधीश नव्हे. पण त्या ओळीवर माझं दुकान काही चाललं नाही, याचं मला समाधान आहे.

आता माझी गादी दबली आहे, दांडा किरकिरतो. मोठ्या ऑर्डरींसाठी काकांनी नवं मशीन आणलंय, ते स्वतःच वेळ मोजून शिट्टी मारतं. एकेक शर्टवाले मात्र माझ्याकडेच येतात. हल्ली बरेच जण स्वतःचं नाव घालतात, मावशी रेघ धरतात, आणि मी दिवसभर मोजणी ऐकत सुखात असतो.

परवा भोंगा आला, काही न घेता. काउंटरला टेकून म्हणाला, "मावशी, काल वरच्या मजल्यावरून मारल्याचा आवाज आला. आठपर्यंत मोजले, मग चप्पल न घालताच गेलो. दार वाजवून विचारलं, नळ गळतोय का? नवऱ्याने दार उघडलं. म्हटलं, पाहिल्याशिवाय जाणार नाही. तासभर पाना फिरवत बसलो. ती पोरगी आज माझ्या बायकोबरोबर स्वतःच्या माहेरी गेली."

मावशींनी चिमटा पुसला. "चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण आठ तरी कशाला मोजलेस?"

माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं. पाठीवर कोणाचंही नाव घ्यायचं असेल तर माझ्याकडे या, सावकाश पंधरा मोजा. भिंतीपलीकडून आवाज आला तर मात्र मोजत बसू नका.