बोर्डावरची हडळ

मच्छिंद्रनं आजवर टॉकीजच्या बोर्डावर डाकू रंगवले होते, नाग रंगवले होते, एकदा तर बुडणारं अख्खं जहाज रंगवलं होतं. समुद्र कधी पाहिला नव्हता तरी. पण रक्त पिणारं भूत कसं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

१९८९ सालचा हिवाळा होता. जुन्या जालन्यात बद्रीनाथशेठची टॉकीज होती आणि दर शुक्रवारी बदलणाऱ्या सिनेमाचे बोर्ड मच्छिंद्र रंगवायचा. त्या आठवड्यात रिळांची पेटी आली, पण पोस्टरं मागच्या गावीच राहिली.

"पिक्चर फॉरेनचा हाये, हिंदीत बोलतो," बद्रीनाथशेठ म्हणाले. "तिथल्या मॅनेजरला फोन केल्ता. तो म्हणाला, रक्त पिणारं भूत हाये, गर्दी ओढून राह्यलं. बस, तेवढंच. तू तुझ्या मनानं कर."

"पण शेठ, भूत बाई हाये का माणूस?"

"फोन कटला ना बाबा!"

मच्छिंद्र विचारत सुटला. चौकातला चहावाला कडूबा म्हणाला, "खवीस काढ. त्याला मुंडकंच नसतं."

"मुंडकं न्हाई तर रक्त पिईल कशानं?"

कडूबा कपात चमचा फिरवत थांबला. "हां, ते बी बराबर हाये," म्हणाला.

कोणी मुंजा सुचवला. पण तो बिचारा पिंपळावर बसून लग्नाची वाट पाहतो, त्याचा रक्ताशी काय संबंध? कोणी वेताळाचं नाव काढलं, तर दुसरा त्याच्यावरच चिडला. वेताळ म्हणजे देव, त्याला बोर्डावर लटकवू नको म्हणाला. मच्छिंद्रला गंमत वाटायला लागली. लहानपणापासून भुतांच्या गोष्टी ऐकल्या, पण कोणतं भूत नेमकं काय करतं आणि का, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं बायकोला, गिरिजाबाईला विचारलं.

ती भाकरी थापत होती. "आपली भुतं रक्त कशाला पितील?" ती म्हणाली. "दहीभात ठेवला, लिंबू ठेवलं, की जातेत." मग हात थांबवून म्हणाली, "एक हडळ तेवढी पिते म्हणत आमच्या वाटूरला. बाळंतिणीचं. शेजारच्या आसरामावशीला विचारा. तिच्या बहिणीचीच गोष्ट हाये ती."

"बहिणीला हडळीनं धरलं होतं?"

"न्हाई हो. बहीणच हडळ झाली म्हणत."

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या एसटीनं वाटूरला गेला. फाट्यावरून आत, मेंढ्यांच्या वाड्यापाशी आसराबाईचं घर होतं. साठीची बाई, अंगानं सडपातळ, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. ती अंगणात उन्हात बसून लोकर कातत होती. गिरिजेचा नवरा म्हटल्यावर तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

"जावईबापू, कशापायी येणं केलं?"

मच्छिंद्रनं सांगितलं. हडळ हा शब्द ऐकल्यावर तिच्या हातातला धागा तुटला. तो घाबरलाच. पण तिनं धागा परत जोडला आणि विचारलं, "कुठल्या देशातलं भूत हाये ते?"

"विलायतेकडचं असंल."

"तिकडं बी बाया बाळंतपणात मरत असतील, न्हाई का?"

 मग ती सांगू लागली. तिची बहीण वच्छला तिच्याहून वर्षाभरानं धाकटी. दोघी तोंडावळ्यानं इतक्या सारख्या, की आईलाही वेगळ्या ओळखू यायच्या नाहीत. पहिल्या बाळंतपणात वच्छला अडली. बाळ पोटातच, आणि ती गेली.

"तिला बाहेर काढली तशी माणसं मागं राळ्याचे बारीक दाणे टाकत गेली," आसराबाई म्हणाली. "घरापासून ते पार शेताकडच्या पांदीपर्यंत."

"राळे कशाला?"

"हडळ परत यायला लागली तर एकेक दाणा येचल्याबिगर तिला पुढं येता येत न्हाई. येचता येचता उजाडतं. मंग माघारी जाते." आसराबाई थोडी हसली. "वच्छीला येचायचा लई कटाळा. घरात जोंधळे निवडायचे असले की ती पळून जायची. मी तवाच म्हणलं होतं, हिला कशाला राळे टाकता, ही दोन दाण्यातच माघारी जाईल."

"मंग रक्त पिते हे कोणी सांगितलं?"

"पुढच्या साली गावात दोन बाळंतिणी दगावल्या. कोणाच्या तरी नावावर घालायचं होतं." तिनं लोकर बाजूला ठेवली. "मी कितीक दिवस पांदीत जाऊन बसायची. दिवसा, मेंढ्या चारायच्या निमित्तानं. म्हणलं, आली तर बोलू. पाय उलटे असतेत का ते बी पाहून घेऊ. आली न्हाई."

परतीच्या एसटीत मच्छिंद्रच्या डोळ्यांपुढं तोच चेहरा होता. तो रात्रंदिवस चेहरेच पाहणारा माणूस. आसराबाईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्यानं मनातल्या मनात एकेक करून काढल्या, गाल भरले, केस काळे केले. गुरुवारी बोर्डावर एक जवान बाई मान वर करून उभी राहिली. कपाळावर चिरी, नाकात मुरणी, हनुवटीवर तीन ठिपके, डोक्यावर पदर. आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून बाहेर आलेले लांब दात, त्यांवरून हनुवटीकडं ओघळणारं लाल. लोक रस्त्यात थांबून पाहायला लागले.

शुक्रवारी पहिल्या खेळाला मच्छिंद्र स्वतः आत बसला. पडद्यावर आला तो काळा कोट घातलेला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा एक साहेब. डोंगरावरच्या दगडी किल्ल्यात तो एकटा राहायचा, दिवसभर पेटीत झोपायचा, आरशात दिसायचा नाही. मान धरून रक्त मात्र प्यायचा. अर्धा सिनेमा झाल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "बोर्डावरची बाई कधी येणार?" मग सगळी टॉकीजच ओरडायला लागली. बाई काही आली नाही. तरी लोक दुसऱ्या खेळालाही आले, तिसऱ्यालाही. कदाचित ती पुढच्या खेळाला येईल, असं त्यांना वाटत असावं. बद्रीनाथशेठ खूश होते. बोर्डाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

रविवारी गिरिजाबाईचा भाऊ रखमाजी सरकी घ्यायला जालन्याला आला होता. त्यानं बोर्डावर आसराबाईसारखाच तरणा चेहरा पाहिला आणि वाटूरला जाऊन सांगितलं, की आसराबाईची वच्छला जालन्यात दात काढून उभी आहे.

सोमवारी सकाळी आसराबाई दारात उभी.

"दाखवा," ती म्हणाली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

गिरिजाबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की तो मुकाट्यानं चपला घालून निघाला.  टॉकीजपुढं आल्यावर आसराबाई बोर्डाकडं पाहत राहिली. सायकली, रिक्षा तिला वळसा घालून जात होत्या. मच्छिंद्र शिव्या खायच्या तयारीनं उभा होता.

"मावशी, मी तुमचाच चेहरा काढला," तो म्हणाला. "तरणा करून. विचारायला पाहिजे होतं."

"माझा न्हाई हा," ती म्हणाली. "ही वच्छीच हाये. मी कवा अशी मान वर करून पाह्यलं? मला जमलंच न्हाई ते." तिनं डोळ्यांना पदर लावला. "तिचा फोटो न्हाई कुठं. तवा कोण काढत होतं? मला तिचं तोंड याद करायचं तर आरशात बघावं लागायचं. आता तर आरशात म्हातारीच दिसते."

तिनं परत बोर्डाकडं पाहिलं.

"पण दात कशापायी दिले?"

"सिनेमातलं भूत रक्त पितं ना, म्हणून."

"तसं हाये का? मंग मला तो सिनेमा बघायचा हाये."

"मावशी, भ्याल तुम्ही."

"मी पांदीत बसलेली बाई हाये," ती म्हणाली.

बद्रीनाथशेठनी दोघांना दुपारच्या खेळाला बाल्कनीत बसवलं. आसराबाईनं आयुष्यात पाहिलेला हा दुसरा सिनेमा. ती भ्याली नाही. तिला प्रश्न पडत गेले, आणि ते ती मोठ्यानं विचारत गेली.

"हा मेला कशानं?"

"ते सांगितलं न्हाई."

"असं कसं? कशानं मेला हे कळल्याबिगर त्याला काय पाहिजे ते कसं कळंल?"

पुढच्या रांगेतला एक जण वळून पाहायला लागला. त्याला वाटलं असेल, बाईला गप्प बसवावं. पण तोही विचारात पडला असावा. मान डोलावून परत पडद्याकडं वळला.

मग पडद्यावर गावकरी आले. हातात मशाली, पुढं एक म्हातारा धर्मगुरू. कबरीपासून गावापर्यंतच्या वाटेवर तो मुठीमुठीनं बारीक दाणे फेकत चालला होता, आणि गावकऱ्यांना सांगत होता, की भूत हे दाणे मोजत बसेल, तोवर सूर्य उगवेल.

आसराबाईनं मच्छिंद्रचा दंड धरला. "राळे!" ती ओरडली. "अहो जावईबापू, राळे टाकून राह्यले बघा! ह्यांना कोणी सांगितलं?"

मच्छिंद्रलाही कळेना. शुक्रवारी हा प्रसंग आला तेव्हा लोक इतके ओरडत होते, की तो त्याच्या ध्यानातच आला नव्हता. वाटूरहून विलायतेला कोण गेलं होतं? की तिकडून इकडं कोणी आलं होतं? की मेलेलं माणूस परत येईल या भीतीनं जगभर माणसांचा हात आपोआप धान्याच्या मडक्याकडंच जातो?

शेवटी काळ्या कोटाचा साहेब उन्हात सापडला आणि राख होऊन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आसराबाई बसून राहिली.

"त्याच्या मागं एक बी माणूस रडलं न्हाई," ती म्हणाली. "त्याला बहीण नसंल."

सिनेमा उतरला तेव्हा पुढच्या सिनेमासाठी बोर्डाचं कापड पांढरं करायचं होतं. मच्छिंद्रनं बद्रीनाथशेठकडून ते कापड मागून घेतलं आणि नव्या बोर्डाला आपल्याकडचं दुसरं ताणलं. घरी आणून त्यानं दात बुजवले, रक्त बुजवलं, ओठ नीट केले. ओठांना दोन दिवस लागले. दात रंगवायला अर्धा तास लागला होता. चेहऱ्यापुरतं कापड कापून लाकडी चौकटीला ठोकलं आणि गिरिजाबाईला घेऊन तो वाटूरला गेला. रंगांचा डबाही बरोबर घेतला, एसटीत कुठं खरचटलं तर असावा म्हणून.

आसराबाईनं चित्र ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलं. बाया येऊ लागल्या. पहिल्यांदा लांबून, पदर तोंडाशी धरून. एक पोटुशी सून तर उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. आसराबाईनं तिला हाताला धरून आणलं आणि चित्रापुढं बसवलं. "बघ. तुझ्याच वयाची होती," म्हणाली. ती पोर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, ही तर चांगली दिसते."

त्यानंतर वच्छलाविषयी बोलणं सुरू झालं. इतकी वर्षं गावात तिचं नाव कोणी घेत नव्हतं, पोरांना भ्या दाखवायचं असलं तरच घ्यायचे. आता कोणाला आठवलं, की ती विहिरीत सूर मारायची. कोणाला आठवलं, ती मेंढीच्या आवाजाची अशी नक्कल करायची, की कोकरं धावत यायची. मच्छिंद्र एकेकीला विचारत होता आणि त्या सांगत होत्या.

दुपार कलली तेव्हा अंगणाबाहेर एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, हातात काठी. बाया सावरून बसल्या.

"धुळाजी हाये," गिरिजाबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. "वच्छलाबाईचा मालक."

वच्छला गेल्यावर धुळाजीनं दुसरं लग्न केलं नव्हतं. मेंढरं घेऊन तो बाराही महिने फिरत राहायचा, आणि गावात असला तरी मेहुणीच्या अंगणात कधी पाऊल टाकायचा नाही. आज तो आला, ओसरीपर्यंत आला. चित्रापुढं काठी टेकवून उकिडवा बसला. 

"कोणी काढलं?" त्यानं विचारलं.

"मी काढलं, बाबा."

"पदर चुकलाय," धुळाजी म्हणाला. "ती उजवा कान उघडा ठेवायची. मेंढरांचा आवाज ऐकू यावा म्हणून."

"काहीबी सांगू नका, दाजी," आसराबाई म्हणाली. "डावा कान. मी बहीण हाये तिची."

"तू बहीण हायेस. मी तिच्या उजव्या अंगानं चालायचो," धुळाजी म्हणाला. "मला त्या कानातली बाळी दिसायची."

"बाळी तिनं कवा घातली?"

"मी आणल्ती. परतूरच्या बाजारातनं. तुला दाखवायची राहून गेली."

 आसराबाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"कशी होती?" तिनं विचारलं. "सांगा. सगळं सांगा."

मच्छिंद्रनं रंगांचा डबा उघडला, बारीक कुंचला काढला आणि म्हाताऱ्याच्या पलीकडं जाऊन बसला.