डावा बर्नर

प्राध्यापिकाबाईंनी वॉर्डात पाऊल टाकलं की माझं डोकं फिरतं. कॉलेजात एका बाकावर बसायचो, म्हणून तिला तोंडावर बोलता येतं एवढंच. पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवायची, ती ऑक्युपेशनल थेरपी. ती ती कॉलेजात शिकवते, मी इथे करते. सध्या आम्ही मिळून संशोधन करतोय: अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सरावाच्या स्वयंपाकघरात चहा जमलेला पेशंट घरी खरंच एकटा राहू शकतो का?

आज चहाच्या चाचणीत आमच्या पेशंट मावशींचा नंबर होता. झटक्यापासून त्यांचं डाव्या बाजूला लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. चहा जमला तर आजच घरी, नाहीतर मुक्काम इथेच. त्यांचा मुलगा पिशवी भरून दारात उभा होता; दिवसभर तो कामावर, त्या घरी एकट्या.

"डावा बर्नर वापरू दे," प्राध्यापिकाबाई म्हणाली.

"सराव उजव्यावर झालाय! मुद्दाम नापास करायचंय का?"

"त्यांच्या घरी जाऊन आले मी. तिथला उजवा बंद पडलाय. आणि मध्ये पडायचं नाही हं. हात मागे."

मी दातओठ खात हात मागे बांधले.

मावशींनी मान वळवून डावा बर्नर शोधला, पेटवला. पाणी, साखर, पत्ती, सगळं जागच्या जागी पडलं. चहा उकळल्यावर त्यांनी भांडं उचललं आणि उजवीकडे वळून कपात गाळला. थेंबही सांडला नाही.

"झालं बाई! आता रात्री माझ्या पलंगावर झोपते," म्हणत त्या खुर्चीत बसल्या.

डावा बर्नर जळत होता. शेजारीच हात पुसायचं फडकं पडलं होतं.

मावशी, एकदा तरी मान वळवा हो! त्या मजेत चहाचे घुटके घेत होत्या. शेगडीजवळ उभ्या प्राध्यापिकाबाईचा चेहरा उतरला होता, आणि तिचा हात हळूच बटणाकडे सरकत होता. नियम हिचाच, आणि हीच! मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"सोड ना," ती पुटपुटली. "किती खुशीत आहेत गं."

"आणि उद्या घरी कोण बंद करणार? तू?"

तिचे डोळे भरून आले. मलाही रडू येत होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर माया आली.

"मावशी," मी म्हणाले, "डावीकडे बघा."

त्यांनी मान वळवली. जळता बर्नर दिसला. मग उठून स्वतःच बटण फिरवलं.

"बाळा," त्या मुलाला म्हणाल्या, "पिशवी आत ठेव."