माझे पहिले पान

मित्रांनो, मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे, आणि तीही अनुवादित. म्हणजे माझा जन्म दोनदा झाला. एकदा दूरदेशी, लेखकाच्या टेबलावर. दुसऱ्यांदा एका स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीकडे कान ठेवून लिहिणाऱ्या काकूंच्या हातून.

माझ्यात वेढा पडलेल्या शहराची गोष्ट आहे. शेवटी वेशीवरच्या पहारेकऱ्याची विधवा शत्रूच्या हाती किल्ल्या देते आणि म्हणते, "किल्ल्या नेल्या म्हणून घर तुमचं होत नाही." मूळ पुस्तकात ती बाई गप्पच राहते. पण ते पान लिहायला घेतले त्याच दिवशी काकूंना आपल्या घराच्या किल्ल्या दिरांच्या हातात ठेवाव्या लागल्या होत्या. त्यांना गप्प राहवले नाही.

वाचनालयात माझे फार कौतुक झाले. हाताळून हाताळून मी खिळखिळी झाले. मग बाइंडरने मला नवा पुठ्ठा चढवला आणि फाटके पहिले पान केरात टाकले. काकूंचे नाव तेवढ्या पानावरच होते. पुठ्ठ्यावर त्याने एकट्या लेखकाचे नाव घातले.

दर रविवारी वाचकमंडळ जमे. किल्ल्यांचे वाक्य आले की वकीलसाहेब मान डोलावत, "काय लिहितो हो हा माणूस!" कोपऱ्यातल्या खुर्चीत काकू नुसत्या हसत. अनुवाद कुणाचा, हे कुणीतरी एकदा विचारावे, एवढीच त्यांची आस होती. स्वतःहून सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मला तोंड नाही याचा मला संताप येई.

एका रविवारी वकीलसाहेब मूळ पुस्तकच घेऊन आले.

"हे वाक्य यात नाहीच. अनुवादकानं पदरचं घुसडलंय. चक्क फसवलं आपल्याला."

"कोण हा दीडशहाणा?" ग्रंथपाल म्हणाले.

"नावाचं पानच नाहीये. काकू, तुम्हाला काही माहीत आहे?"

"असेल कोणीतरी," काकू म्हणाल्या. त्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

वकीलसाहेबांनी ते वाक्य पेनाने खोडले. बाकी साऱ्या पानांचे कौतुक अजून लेखकाचेच होते. खापर तेवढे काकूंच्या माथी.

मित्रांनो, पाने दुमडू नका, कव्हर घाला, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. एखादे वाक्य आवडले, तर ते तुमच्या भाषेत कुणी आणले, एवढे विचारा. पण दोष सापडायच्या आधी विचारा, कोपऱ्यातली खुर्ची रिकामी व्हायच्या आधी.